100, 82 की 88? एका पद्मिनीच्या पंख्याचं प्रकरण

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात नाना त्यांची प्रीमियर पद्मिनी गाडी घेऊन गॅरेजवर आले, तेव्हा बॉनेटच्या फटीत लाकडाची चिपटी घातलेली होती. चार बोटं फट. "हवा लागाले पाहिजे ना इंजिनाले," नाना म्हणाले. मग खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून माझ्या टेबलावर ठेवली. त्यात रेडिएटरच्या पंख्याचा पितळी स्विच होता, षट्कोनी डोक्यावर 100-95 कोरलेलं. "हा लावला तं गाडी उकळे. मंग त्या गॅरेजवाल्यानं 82 वाला लावला, तं पंखा बंदच होत नाही. दोनदा बॅटरी बसली. तू आता मले याच्याहून कमी आकड्याचा दे, भो."

नाना रेल्वेतून निवृत्त. नोकरीची पहिली काही वर्षं डिझेल इंजिनावर, पुढची सगळी इलेक्ट्रिकवर. माणूस काही फेकत नाही आणि सगळं डायरीत लिहून ठेवतो, म्हणून हे प्रकरण मला सविस्तर मांडता येतंय. तीन स्विच, दोन उन्हाळे आणि एक चुकीची समजूत, एवढाच त्याचा पसारा. समजूत अशी की स्विचवरचा आकडा, म्हणजे पंखा लागण्याचं तापमान, जितका कमी, तितकं इंजिन थंड. भुसावळात मे महिन्यात पारा 44-45 ला जाणं नेहमीचं, त्यामुळे ती समजूत इथे जरा जास्तच पक्की बसलेली आहे.

गाडी 1986 ची, 1089 सीसीचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. मुळात या गाडीचा पंखा पट्ट्यावर, पाण्याच्या पंपाच्या पुलीला जोडलेला. इंजिन फिरतं तेवढाच तो फिरतो. म्हणजे गाडी फाटकावर उभी, इंजिन मंद, वारा शून्य, आणि नेमका तेव्हाच पंखाही सुस्त. दोन वर्षांपूर्वी पंपाचं बेअरिंग गेलं, पातं रेडिएटरला घासलं. तेव्हा दुसऱ्या एका गॅरेजवाल्यानं ते पातंच काढून टाकलं आणि रेडिएटरच्या मागे मारुती 800 चा विजेवरचा पंखा बसवला. कल्पना चांगली. काम अर्धवट.

पंखा कधी लागावा हे ठरवायला त्यानं रेडिएटरच्या खालच्या टाकीला पितळी बॉस, म्हणजे स्विच बसवायचं तोंड, ब्रेझिंगनं जोडला, 22 मिलिमीटर व्यासाचे दीड पिचचे आटे, आणि दुकानात जाऊन 'पंख्याचा सेन्सर' मागितला. काउंटरवर सगळेच सेन्सर म्हणतात, मीही म्हणतो. पण सेन्सर वेगळा. पाणी तापेल तसा सेन्सरचा रोध बदलतो आणि त्यावर डॅशबोर्डचा काटा हलतो. पंख्याला लागतो तो स्विच. त्याच्या पोटात दोन धातूंची वाटीसारखी चकती असते. ठराविक तापमानाला ती टक्‌दिशी उलटी होते नि पॉइंट जोडते, थोडं थंड झालं की पुन्हा टक्‌दिशी सुलटी होऊन सोडते. म्हणून डोक्यावर आकडे दोन. मोठा लागण्याचा, छोटा सुटण्याचा. मधलं पाचेक अंशांचं अंतर मुद्दाम ठेवलेलं, नाहीतर पंखा दर दहा सेकंदांनी लाग-बंद करत बसेल.

नानांना हे सांगायला मला फार वेळ लागला नाही. ते म्हणाले, "म्हंजे आपल्या डब्ल्यूडीएम-2 ले होते तसेच. एक स्विच लागला की पंखा हळू, दुसरा लागला की जोरात, अन् वरचा लागला की घंटी." अगदी तसंच. गाड्यांमध्येही दोन टप्प्यांचे स्विच येतात, पण त्यांना दोन वेगांचा पंखा लागतो. आपल्याकडे एकच वेग, म्हणून तो विषय तिथेच सोडला.

गाडी त्या रात्री गॅरेजवरच ठेवली. सकाळी सात वाजता, इंजिन रात्रभर गार पडलेलं असताना, बॅटरीची सुटी केलेली तार जोडली. पंखा लगेच सुरू. रेडिएटरला हात लावला तर माठासारखा गार. म्हणजे 82 चा स्विच 30 अंशांवर लागलेला होता, आणि हा काही आकडा चुकल्याचा दोष नव्हता. वायर मागे शोधत गेलो तेव्हा कळलं की रिले, म्हणजे बारीक करंटनं मोठा करंट जोडणारा स्विच, नाहीच. बॅटरीतून फ्यूज, फ्यूजमधून पंखा, पंख्यातून सरळ हा स्विच आणि तिथून बॉडी. क्लॅम्प मीटरला पंख्याचा करंट 9 अँपिअर दिसला, आणि पंखा सुरू होताना क्षणभर त्याच्या दुप्पट-तिप्पट जातो. एवढा भार रोज त्या चिमुकल्या पॉइंटवर. एक दिवस पॉइंट चिकटले. 35 अँपिअर-तासांची बॅटरी 9 अँपिअरनं चार तासही पुरत नाही. नाना रात्री दहाला गाडी लावून झोपले की दोनच्या आत ती बसणारच.

स्विच काढला, मीटर लावून पान्याच्या मुठीनं टिचकी मारली, आणि मीटरची पीं-पीं थांबली. सुटला. नाना बघतच राहिले. "मंग हा चांगलाच आहे की." नाही. एकदा चिकटलेला पॉइंट परत चिकटतो.

इथे एक गोष्ट सगळ्यांनी घरी करावी अशी आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. शेजारच्या टपरीवरून ॲल्युमिनियमचं पातेलं आणि स्टोव्ह आणला. स्विच तारेनं असा लटकवला की आट्यांपर्यंत पाण्यात, पण बुडाला टेकलेला नाही, कारण बूड पाण्यापेक्षा जास्त तापतं. शेजारी मल्टिमीटरची तापमानाची प्रोब. स्विचला दोन चिमटे लावून मीटर आवाजावर ठेवला. ज्योत अगदी बारीक. ज्योत मोठी ठेवली तर पाणी पुढे पळतं, स्विचचं पितळ मागे राहतं आणि आकडा चार-पाच अंश चुकतो.

82 वाला 83 ला लागला, 76 ला सुटला. आकडा बरोबर होता.

मग पुरचुंडीतला 100 वाला घेतला. पाणी उकळायला लागलं, प्रोब 99 वर स्थिर, स्विच गप्प. नाना म्हणाले, "हा तं मेलेलाच आहे." पण उघड्या पातेल्यात पाणी 99-100 च्या वर जाणारच नाही. भुसावळ समुद्रसपाटीपासून दोनेकशे मीटर उंच, इथे तर शंभराला थोडं कमीच. मग शंभराचा स्विच त्यात लागेल कसा? पातेलं पुसून टपरीवाल्याकडून भज्यांचं शेंगदाणा तेल घेतलं. 101 वर टक्. आवाज नानांनीही ऐकला. खाली येताना 95 ला सुटला. गाडी उकळवली म्हणून ज्याला दोष दिला होता, तो स्विच ठणठणीत निघाला. चुकली होती त्याची जागा.

या प्रकरणाचा गाभा इथेच आहे. इंजिनातून निघालेलं गरम पाणी वरच्या पाइपानं रेडिएटरला येतं, जाळीतून उतरताना थंड होतं आणि खालच्या टाकीतून पंपाकडे परत जातं. चालत्या गाडीत वरच्या आणि खालच्या पाण्यात साधारण 6 ते 12 अंशांचा फरक असतो. काही गाड्यांत पंख्याचा स्विच इंजिनच्या बाजूला, थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणाऱ्या झडपेच्या) घराजवळ असतो, तिथे तो गरम पाणी बघतो. काहींत तो रेडिएटरच्या खालच्या भागात असतो, तिथे तो थंड झालेलं पाणी बघतो. शंभराचा स्विच इंजिनच्या बाजूसाठी ठीक. तोच खालच्या टाकीत घातला की खाली शंभर होईपर्यंत वर 106-107 झालेले असतात. पद्मिनीच्या रेडिएटरच्या टोपीतली स्प्रिंग जुनी. नवी टोपी अर्धा बार दाब धरणारी असेल तर साधं पाणी 111 च्या आसपास उकळतं. टोपी दाब सोडत असेल तर ते शंभरालाच उकळतं. नानांची टोपी सोडत होती. म्हणजे पंखा लागायच्या आत उनपदेवचं गरम पाण्याचं कुंड झालेलं.

मग खालच्या टाकीत 82 बरोबर नव्हता का? जानेवारीत होता. नानांच्या डायरीत जानेवारीची नोंद आहे: पंखा क्वचित लागतो. उन्हाळ्यात तोच स्विच का सुटत नव्हता हे मोजल्याशिवाय सांगायचं नाही असं मी ठरवलं.

मोजण्याआधी तीन कामं उरकली. रेडिएटर खोलून सळई मारली, कारण जाळीचा डावा कोपरा हाताला गार लागत होता, म्हणजे तिथल्या नळ्या तुंबलेल्या. टोपी बदलली. आणि थर्मोस्टॅट परत बसवला. हो, तो काढून टाकलेला होता. आपल्याकडे गाडी तापली की पहिल्यांदा थर्मोस्टॅट कचऱ्यात जातो, खानदेशात तर हमखास. उन्हाळ्यात त्याचं फारसं काही जाणवत नाही, पण डिसेंबरात इंजिन वेळेवर तापत नाही, चोक ओढून ठेवावा लागतो, पेट्रोल जास्त जळतं. नवा थर्मोस्टॅटही त्याच पातेल्यात घातला. 82 ला उघडायला लागला.

पंख्याची दिशाही पाहिली. रेडिएटरच्या पुढच्या बाजूला नानांचा रुमाल धरला, पंखा लावला, रुमाल जाळीला चिकटला. दिशा बरोबर. प्लस-मायनस उलटे जोडले की पंखा वारा पुढे ढकलतो, आणि चालत्या गाडीत समोरून येणाऱ्या वाऱ्याशीच भांडत बसतो. असे दोन पंखे मी गेल्या वर्षी सरळ केलेत.

मग दुपारी दोन वाजता, हवा 42 अंश, तापीचा पूल ओलांडून फैजपूरच्या रस्त्याला लागलो. एक प्रोब वरच्या पाइपाच्या क्लिपखाली, एक खालच्या, दोन्हींवर कापड गुंडाळलेलं. पिस्तुलासारखा लाल ठिपक्याचा थर्मामीटर मी इथे वापरत नाही. चकचकीत पितळेवर तो खूप कमी आकडा दाखवतो. वापरायचाच असेल तर आधी काळी टेप चिकटवावी. पंख्याची तार मी हातात ठेवली होती, नाना स्टिअरिंगवर.

ताशी 60 ला वीस मिनिटं, पंखा बंद: वर 88, खाली 78. केळीच्या बागेच्या कडेला सावलीत थांबलो, इंजिन चालू, पंखा बंद. सहा मिनिटांत वर 97, खाली 91, आणि दोन्ही चढतच होते. पंखा लावला. खालचं पाणी तीन मिनिटांत 83, मग 80, आणि पुढे 77 नि 78 च्या मध्ये घुटमळत राहिलं. दहा मिनिटं थांबलो, त्याच्या खाली जाईना.

उत्तर त्यातच होतं. 82 वाला सुटतो 76 ला. पॉइंट चिकटले नसते तरी त्या दुपारी तो सुटला नसता, उभ्या गाडीतही नाही आणि धावत्या गाडीतही नाही. पंखा रेडिएटरला हवेपेक्षा थंड करू शकत नाही, आणि हवाच 42 ची. पाणी नि हवा यांच्यात जितका फरक, तितकीच उष्णता बाहेर पडते. 80 च्या पाण्याला 42 च्या हवेत 38 अंशांचा फरक मिळतो, जानेवारीच्या 12 अंशांच्या पहाटे 68 चा. नाना मागत होते तसा आणखी कमी आकड्याचा स्विच दिला असता तर उन्हाळाभर पंखा किल्लीबरोबर लागून किल्लीबरोबर बंद झाला असता. मग स्विच कशाला, सरळ तार जोडा.

आता निवड. ढोबळमानाने हवा जितकी चढते तितकंच खालचं पाणीही चढतं. 42 ला धावत्या गाडीत खाली 78, म्हणून 46 ला 82. सुटण्याचा आकडा याच्या वर हवा, म्हणजे रस्त्याच्या वाऱ्यावर काम भागत असताना पंखा आपोआप सुटेल. आणि लागण्याचा आकडा इतका खाली हवा, की त्या वेळी वरचं पाणी उकळीपासून दूर असेल. माझ्यापुढे दोन होते, 92-87 आणि 88-83. 92 वाल्यात सुटायला भरपूर वाव, पण खाली 92 म्हणजे वर 98-99. नवं इंजिन, एका बारची टोपी, कूलंट भरलेलं असतं तर मी डोळे मिटून तोच घेतला असता. इथे अडतीस-चाळीस वर्षांचं हेड, अर्ध्या बारची टोपी आणि काटा जरा हलला की गाडी बाजूला घेणारे नाना. 88-83 मध्ये वर 94-95 ला पंखा लागतो. वाव फक्त एका अंशाचा हे मला माहीत होतं. पारा 47 ला गेला तर त्या दोन-चार दिवसांत पंखा हमरस्त्यावरही चालू राहील, राहू दे. मोटरचे ब्रश थोडे जास्त झिजतील, हेडची गॅसकेट त्यापेक्षा महाग.

माझ्यासारखाच दुसरा वायरिंगवाला 92 निवडेल, आणि तो चुकीचा नसेल. 82 मात्र मी या जागी, या हवेत कुणालाच देणार नाही.

88 चा स्विच भुसावळात मिळाला नाही, जळगावलाही नाही, नाशिकहून पार्सल आला. मागवताना दोन गोष्टी सांगाव्या लागल्या. एक आटे: चौदा, सोळा आणि बावीस मिलिमीटरचे स्विच येतात, अंदाजाने घातला तर ब्रेझिंगचा बॉस फुटतो. दुसरी, दोन पिनांचा हवा. एका पिनेचा स्विच आपली अर्थ, म्हणजे बॉडीकडची जोडणी, आट्यांतून रेडिएटरला देतो, आणि हा रेडिएटर रबराच्या बुशांवर बसलेला. वर कुणी आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळली की अर्थ आणखी कच्ची. ज्या गाड्यांच्या रेडिएटरच्या टाक्या प्लॅस्टिकच्या असतात तिथे तर एका पिनेचा प्रश्नच येत नाही. टेपऐवजी तांब्याचा वॉशर घातला.

वायरिंग नव्यानं केलं. बॅटरीतून 20 अँपिअरचा फ्यूज, अडीच स्क्वेअरची वायर रिलेच्या 30 नंबरच्या पिनेला, 87 मधून पंख्याला. 86 ला किल्लीनंतरचा करंट, 85 मधून बारीक वायर स्विचला आणि स्विचच्या दुसऱ्या पिनेतून इंजिन ब्लॉकवर पक्की अर्थ. आता स्विचमधून जातो तो फक्त रिलेच्या कॉइलचा करंट, पाव अँपिअरपेक्षाही कमी. त्याला चिकटायला कारणच नाही. पंखा किल्ली काढल्यावरही चालावा की नाही यावर मतं वेगळी आहेत. माझं म्हणणं, या गाडीत नको. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, मग पंखा फक्त रेडिएटरमधलं पाणी थंड करणार, हेडमधलं जागेवरच. गाडीला डायनॅमोच्या जागी आधीच अल्टरनेटर बसवलेला होता हे बरं झालं. डायनॅमो मंद इंजिनावर जेमतेम चार्ज करतो, आणि पंख्याची गरज तेव्हाच.

डॅशबोर्डखाली एक टॉगल दिला, थर्मो स्विचला समांतर. नानांची मुलगी संभाजीनगरला, म्हणजे वर्षातून चार वेळा कन्नडचा घाट. दुसऱ्या गिअरमध्ये भार जास्त, वारा कमी, तिथे पाणी चढायच्या आधी पंखा लावलेला बरा. समांतर अशासाठी, की टॉगल बंद राहिला तरी आपोआप लागायचं ते लागेल. काही जण तो रांगेत घालतात. एखाद्या दिवशी लावायला विसरलं की हेड गेलं.

आणि पंखा लागला की पेटणारा हिरवा दिवा. तो नानांचा हट्ट होता. "सिग्नल दिसाले पाहिजे."

एक धोका मी त्यांना लिहून दिला. स्विच खालच्या टाकीत आहे, म्हणून थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला किंवा पाण्याच्या वाटेत हवा अडकली तर इंजिन उकळेल पण खालची टाकी गारच राहील, आणि पंखा लागणार नाही. काटा वर, हिरवा दिवा बंद, खालचा पाइप हाताला कोमट: अशा वेळी स्विच बदलायला कुठे जायचं नाही. टॉगल लावून गाडी बाजूला घ्यायची, इंजिन बंद करायचं आणि टोपी गार होईपर्यंत उघडायची नाही. उलट्या जागेचाही दोष आहेच. स्विच वर असेल आणि पाणी कमी झालं तर तो वाफेत लटकतो आणि उशिरा जागा होतो. खालची टाकी निदान भरलेली असते.

मेच्या शेवटी नाना डायरी घेऊन आले. पानावर चार रकाने आखलेले: वेळ, ठिकाण, हवा, दिवा. चिपटीची फट आता नव्हती, बॉनेट पूर्ण लागलेलं. 19 तारखेची ओळ त्यांनी बोट ठेवून दाखवली. फाटक बंद, हवा 45, दुपारी 2.40 ला लागला, 2.44 ला सुटला, 2.51 ला पुन्हा लागला, मालगाडी गेली, सुटला.

खाली वेगळ्या शाईत आणखी एक ओळ होती. "कन्नड घाट. टॉगल लावायचा विसरलो. आपला आपण लागला."